शिक्षणाचा भार कोणावर, लाभ कोणाला?

इ. स. 1848 च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये मार्क्स आणि एंगल्स यांचा कम्युनिस्ट जाहीरनामा प्रसिद्ध झाला. सर्व मुलांना सार्वजनिक शाळांतून मोफत शिक्षण मिळावे, ही त्यातील दहा कलमांपैकी शेवटच्या कलमाची मागणी होती. त्याच वर्षी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात एकवीस वर्षांच्या एका तरुणाने मुलींची शाळा काढली. या दोन घटनांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नव्हता. तथापि जोतीराव फुले यांचे चरित्र केवळ समाजसुधारकाचे म्हणून न वाचता अर्थशास्त्राच्या दृष्टीने वाचले, तर शिक्षण आणि वर्गसत्ता यांचे नाते या मातीत किती लवकर ओळखले गेले होते, हे ध्यानी येते.

जोतीरावांचा जन्म 1827 चा. वडील गोविंदराव फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा करीत. माळ्याच्या मुलाला लिहिणे-वाचणे कशाला हवे, या लोकापवादापुढे नमून त्यांनी मुलाची शाळा थांबविली. गफार बेग मुन्शी व लेजिट या दोन शेजाऱ्यांनी आग्रह धरल्यामुळे 1841 मध्ये तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाला. ज्ञानाचे दार जन्मावरून उघडते वा बंद होते, हा धडा त्यांना असा घरीच मिळाला. पुढे शाळा काढल्याबद्दल पत्नी सावित्रीबाईंसह त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले. 1855 मध्ये त्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सत्यशोधक समाजाची स्थापना झाली.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे ते 1882 च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे त्यांनी सादर केलेले निवेदन. त्यातील युक्तिवाद हा सार्वजनिक आयव्ययाचा आहे. सरकारी महसुलाचा मोठा हिस्सा रयतेच्या श्रमातून येतो. त्यातील शिक्षणावरचा खर्च मात्र प्रामुख्याने वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. वर शिकविलेली विद्या आपोआप खाली झिरपेल, हे सरकारी गृहीतक अनुभवाने खोटे ठरले, असे त्यांनी दाखवून दिले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, लोकल फंडाचा निम्मा भाग त्यासाठीच राखावा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि त्यांना पुरेसे वेतन द्यावे, अशा त्यांच्या सूचना होत्या. लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे व आरोग्याचे ज्ञानही त्यांना अभ्यासक्रमात हवे होते. मात्र महाविद्यालयांतून सरकारने अंग काढून घ्यावे, असे ते म्हणाले नाहीत. तसे करणे अकाली व हानिकारक होईल, असेच त्यांचे मत होते.

शाळा ही प्रचलित अर्थव्यवस्थेतील श्रेणी नव्या पिढीत पुन्हा उभी करते, असे मार्क्सवादी विचारवंतांनी विसाव्या शतकात सविस्तर मांडले. अल्थुसर यांचा 1970 चा निबंध आणि बोल्स व जिंटिस यांचा 1976 चा अमेरिकी शाळांवरील ग्रंथ ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. फुले मार्क्सवादी नव्हते. त्यांना मार्क्सवादी ठरविण्याचा अट्टाहासही नको. उत्पादनसाधनांच्या मालकीपेक्षा ज्ञानाच्या मक्तेदारीवर त्यांचा रोख अधिक होता. ज्या गावात खत, दस्तऐवज व दप्तर वाचता येणारे एकच घर असते, तेथे जमीन नावावर असूनही शेतकरी परावलंबीच राहतो, हे त्यांनी पाहिले होते. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी हीच कारणपरंपरा उलगडली. हा विचार गिरणीपर्यंतही पोहोचला. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले.

1888 मध्ये पक्षाघाताने जोतीरावांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले. सक्तीच्या शिक्षणाची त्यांची मागणी देशभर कायद्यात उतरण्यास 2009 साल उजाडावे लागले. 6 ते 14 वर्षांच्या मुलांना तो हक्क मिळाला.

मग प्रश्न सुटला काय? वळसंगच्या बाजारात साबणाची वडी विकत घेणारी मजूर स्त्री प्रत्येक खरेदीबरोबर सरकारला कर देते. तिची मुलगी आठवीपर्यंत कायद्याच्या आधाराने शिकते. त्यापुढे शिकवणी आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब सुरू होतो आणि पुष्कळदा तो मुलीच्या विरुद्ध जातो. तिच्या आईच्या करातून ज्या महाविद्यालयांना अनुदान मिळते, त्यांच्या वर्गांत ती नसते. अशाच अनुदानातून वेतन घेणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना हा हिशेब टाळता येणार नाही. जोतीरावांनी 1882 मध्ये विचारलेला प्रश्न आजही त्याच शब्दांत विचारता येतो, ही त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष खरी. परंतु ती आपल्या प्रगतीची साक्ष खचितच नव्हे.