डॉ. सुब्बाराव : एक न फिटलेले ऋण

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. औषधांशी माझा संबंध काय, असे कोणी विचारील. पण माझ्या मामांच्या मत्स्यतळ्याचा जमाखर्च मी लिहितो. दोन वर्षांपूर्वी रोहू-कटल्याच्या अंगावर लाल चट्टे पडले, पर झडू लागले. दुकानदाराच्या सांगण्यावरून मामांनी टेट्रासायक्लिन गटातले औषध पेंडीत कालवून टाकले आणि मासे वाचले. गेल्या वर्षी तोच रोग पुन्हा आला. औषध दुप्पट टाकले, पण गुण आला नाही. वहीत नुसता खर्च उरला. त्या औषधाचे मूळ शोधता शोधता मला एका थोर भारतीयाची ओळख झाली.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे गरिबीत झाला. लहानपणी काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकावीत आणि श्रीमंत व्हावे, म्हणून ते घरातून पळाले. आईने त्यांना परत आणले. मॅट्रिक ते तिसऱ्या खेपेस पास झाले. पुढे थोरल्या भावाला संग्रहणीने नेले. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांनी खादी अंगावर घेतली, त्यामुळे इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गेली आणि पूर्ण पदवीऐवजी खालची पदवी हाती आली. तरुण पत्नीला मागे ठेवून ते अमेरिकेस गेले, ते पुन्हा मायदेशी आलेच नाहीत.

हार्वर्ड विद्यापीठात फिस्के यांच्यासमवेत त्यांनी १९२५ साली रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तरीही तेथे कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि अवघ्या आठ वर्षांत त्यांनी औषधांची जणू रांगच लावली. फॉलिक आम्ल त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले आणि ते संग्रहणीवर गुणकारी ठरले. भावाला जे मिळाले नाही, ते त्यांनी जगाला दिले! हत्तीरोगावरील औषधही त्यांच्याच विभागातले. तेथेच डग्गर यांनी मिसूरीच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून सोनेरी रंगाचे ऑरिओमायसिन मिळवले. १९४८ मध्ये जाहीर झालेले हे टेट्रासायक्लिन कुळातील पहिले औषध. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव निवर्तले.

मग असे औषध मामांच्या तळ्यात हरले का? हे औषध जंतूंचे प्रथिने बनवण्याचे काम बंद पाडते. पण काही जंतूंजवळ औषध बाहेर उपसून टाकणारा जणू पंपच असतो. इतर जंतू मरतात, हे मात्र उरतात आणि वाढतात. शिवाय आजारी मासा खात नाही. औषधाची पेंड तळाच्या चिखलात जाते आणि तेथील जंतू थोड्या थोड्या मात्रेत तिला सरावतात. माशांना ग्रासणारा एरोमोनास हा जंतू आपली ही विद्या दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतो. उद्या तीच विद्या माणसाच्या रोगजंतूंपाशी पोचली, तर आपल्या घरातील रुग्णालाही ते औषध लागू पडणार नाही.

योगायोग असा की, सुब्बारावांचे भीमावरम आज मत्स्यशेतीचे मोठे केंद्र आहे. जेथे ते जन्मले तेथील तळ्यांनाही हाच धोका आहे.

यंदा मामांनी तळे उन्हात वाळवले, गाळ काढला, चुना टाकला आणि बोटुकली विरळ सोडली. औषधाचा रकाना मी अजून कोरा ठेवला आहे. भांडवल उधळून खाणारा व्यापारी बुडतो, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात. सुब्बारावांनी आपल्याला भांडवल दिले. ते जपून वापरणे हीच त्यांच्या ऋणाची परतफेड होय.