बिबट्या चावला, मग रेबीजची लस कशाला? उत्तर लुई पाश्चरच्या गोष्टीत आहे

जुन्नर आणि आंबेगावात बिबट्या आता डोंगरातला पाहुणा राहिलेला नाही. कुकडी आणि घोडच्या खोऱ्यात ऊस वाढला आणि बिबट्यानं उसातच बिऱ्हाड थाटलं. कुणावर हल्ला झाला की दवाखान्यात जखम धुतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात आणि रेबीजची लसही टोचतात. नातेवाईक चक्रावतात. कुत्रं चावलं नाही, बिबट्या पिसाळलेलाही दिसत नव्हता, मग ही लस कशाला?

ज्या माणसामुळे ही लस आली, त्याची गोष्टही जंगली जनावरापासूनच सुरू होते.

साल १८३१. फ्रान्समधल्या आर्ब्वा गावाच्या परिसरात पिसाळलेला लांडगा शिरला आणि दिसेल त्याला चावत सुटला. तेव्हा उपाय एकच होता, लोहाराच्या भट्टीत लाल केलेल्या लोखंडानं जखम डागायची. ही भट्टी कातडी कमावणाऱ्या एका माणसाच्या घराजवळ होती. त्याचा आठ वर्षांचा पोरगा म्हणजे लुई पाश्चर.

हा पोरगा पुढे डॉक्टर झाला नाही, रसायनशास्त्रज्ञ झाला. दारू का नासते, रेशमाचे किडे का मरतात, अशा प्रश्नांचा माग काढत पाश्चर जंतूंपर्यंत पोहोचले. तीन मुली लहानपणीच गेल्या. १८६८ मध्ये अर्धांगवायूनं डावी बाजू लुळी पडली. तरी प्रयोगशाळा सुटली नाही. कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना त्यांना दिसलं की कमजोर केलेला जंतू टोचला, तर कोंबडी पुढे त्या रोगाला बळी पडत नाही.

या जंतूच्या कुळाला पुढे पाश्चर यांचंच नाव मिळालं, पाश्चुरेला. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या तोंडात तो असतोच, आणि बिबट्याही त्याच कुळातला. सुळ्याचं भोक वरून लहान दिसतं, पण आत खोल असतं. तिथं हे जंतू एका दिवसात पू करू शकतात. म्हणून चावलेल्या जखमेला अँटिबायोटिक द्यावं लागतं.

रेबीजचा विषाणू मात्र त्या काळच्या सूक्ष्मदर्शकात दिसेना. पण त्याची एक खोड उपयोगी पडली. तो नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो, त्याला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्या वेळात शरीराला तयार केलं तर? पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनी रेबीज झालेल्या सशांचे मज्जारज्जू बाटल्यांत वाळवले आणि त्यातून लस बनवली.

६ जुलै १८८५ ला नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला घेऊन आई पॅरिसला आली. अंगावर कुत्र्याच्या चाव्याच्या चौदा जखमा होत्या. पाश्चर डॉक्टर नसल्यामुळे सुई डॉ. ग्रांशे यांनी टोचली. दहा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या आणि पोरगा वाचला. पाश्चर यांच्या वह्या विसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आल्या, तेव्हा कळलं की नेमका हा क्रम कुत्र्यांवर पुरता तपासलेला नव्हता. थोडक्यात, तो जुगार होता.

चार महिन्यांनी दहा वर्षांची लुईझ पेलतिए आली. चावा डोक्याला होता आणि ३७ दिवस उलटून गेले होते. उशीर झाल्याचं कळत असूनही पाश्चर यांनी उपचार केले. मुलगी वाचली नाही.

जुन्नरच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. बिबट्या बहुतेकदा मान आणि डोकंच धरतो, म्हणजे विषाणूला मेंदू जवळ. पाळीव कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येतं, उसात पळालेल्या बिबट्यावर कसं ठेवणार? त्यामुळे वाट न बघता जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही भरायचं नाही आणि थेट दवाखाना गाठायचा. तिथं जखमेत आणि तिच्याभोवती रेबीजचं सीरम सोडतात, कारण लसीचा असर यायला काही दिवस लागतात. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. घालावेच लागले, तर आधी सीरम.

मार्च १८८६ मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कहून लांडग्यानं फाडलेले १९ जण पॅरिसला आले. त्यातले १६ जिवंत परतले. मग जगभरातून पैसा आला आणि १८८८ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ ला पाश्चर गेले. त्यांची समाधी त्याच संस्थेत आहे आणि माइस्टर पुढे तिथंच द्वारपाल म्हणून राहिला.

भारतात अशी पहिली संस्था १९०० मध्ये कसौलीला निघाली. आपल्याकडे ही लस परळच्या हाफकिन संस्थेत बनायची, आणि ज्यांच्या नावाची ती संस्था, ते हाफकिनही पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच काम करून आलेले. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस म्हणजे जुन्या माणसांना आठवणारी पोटातली चौदा इंजेक्शनं. २००५ च्या सुमारास ती बंद झाली. आताची लस दंडावर चार-पाच वेळा ठरलेल्या तारखांना घ्यायची असते, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.