जोतीरावांच्या उशाशी सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले यांचे नाव घेतले, की पुण्यातील मुलींची शाळा आणि लोकांचे शेणगोळे सोसत त्या शाळेकडे निघालेली तरुण शिक्षिका डोळ्यांसमोर उभी राहते. त्यांच्या आयुष्यातील १८८८ ते १८९० हा काळ मात्र चरित्रांतून दोन-चार ओळींतच आटोपला जातो. या काळात सावित्रीबाई आजारी पतीची घरी शुश्रूषा करीत होत्या. आज घरोघरी हेच काम निमूटपणे करणाऱ्यांना हे पान जवळचे वाटेल.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला आणि १८४८ मध्ये शाळेचे काम सुरू झाले. १८६३ मध्ये या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे येणाऱ्या विधवांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी मायेने केली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला त्यांनी दत्तक घेतले. १८७६-७७ च्या दुष्काळात अन्नछत्रांचे कामही त्यांनी पाहिले. परक्यांसाठी झिजण्याची सवय अशी जुनीच होती.

११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. जोतीराव तेव्हा ६१ वर्षांचे होते, सावित्रीबाई ५७ वर्षांच्या. यशवंतचे शिक्षण अजून व्हायचे होते. पूर्वी ठेकेदारीतून मिळवलेला पैसा समाजकार्यात खर्ची पडला होता. औषधपाण्याचा खर्च, घरात आश्रयाला असलेली मुले आणि अंथरुणाला खिळलेला पती हा सारा भार एका उतारवयातील स्त्रीवर आला.

अर्धांगवायूच्या रुग्णाला उठवणे, बसवणे, कूस बदलणे, स्नान घालणे, घास भरवणे ही कामे दिवसातून अनेकदा करावी लागतात, रात्रीही सुटी नसते. ज्या हाताने लिहायचे तोच हात निकामी झालेल्या माणसाचे मन सांभाळणे तर त्याहून कठीण. अशा अवस्थेत जोतीरावांनी डाव्या हाताने लिहून सार्वजनिक सत्यधर्म हा ग्रंथ १८८९ मध्ये पूर्ण केला. त्यांच्या जिद्दीचे कौतुक योग्यच आहे. परंतु ही जिद्द ज्या शुश्रूषेच्या आधारावर उभी होती, तिचा उल्लेख क्वचितच होतो.

सावित्रीबाई अगदी एकट्या नव्हत्या. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी जोतीरावांवर मनापासून उपचार केले. फेब्रुवारी १८८९ मध्ये यशवंतचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला आणि घरात सून आली. मामा परमानंद यांनी १८९० च्या जुलैमध्ये सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून फुले कुटुंबाची अवस्था कळवली, सावित्रीबाईंच्या योग्यतेचाही त्यात गौरव केला. महाराजांनी एक हजार रुपये दिले; पण ते येईपर्यंत जोतीराव राहिले नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत दत्तक पुत्राच्या हक्काचा वाद निघाला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले.

पुढे १८९३ मध्ये सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १८९७ च्या प्लेगमध्ये, तोवर डॉक्टर झालेल्या यशवंतसह त्या रुग्णसेवेला लागल्या. रुग्णांना आणता आणता त्यांनाच प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड लिहून ज्या कुणब्याची व्यथा मांडली, त्याची घरे आज यवतमाळसारख्या कापूसपट्ट्यात आहेत. कर्जापायी कर्ता गेलेल्या अनेक घरांत विधवा सूनच शेत पाहते आणि थकलेल्या सासू-सासऱ्यांचेही करते. शहरातल्या सदनिकेत नोकरी सांभाळून आईचे अंथरूण-पांघरूण करणाऱ्या मुलीची दमछाक वेगळी नाही. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. उशाशी बसणाऱ्या व्यक्तीच्या विश्रांतीचा विचार मात्र त्यात नाही. तो नातलगांनी आणि शेजाऱ्यांनीच करायचा आहे. एका भावाने रात्र जागावी, दुसऱ्याने खर्च उचलावा, शेजारणीने दोन तास बसून तिला झोपू द्यावे. सावित्रीबाईंच्या घरी मदत उशिरा पोहोचली. आपल्या ओळखीच्या घरात ती रुग्ण हयात असतानाच पोहोचावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.