अण्णासाहेबांचे ऑक्सफर्ड

आमच्या रहिमतपुरात व्याख्यान ऐकणे हा एकेकाळी घरगुती कार्यक्रम असे. रात्रीची जेवणे लवकर उरकायची, आजोबांनी खांद्यावर घोंगडी टाकायची आणि आम्ही पोरांनी पुढे धावत जाऊन सतरंजीवर जागा धरायची. वक्ता रंगला तर ठीक, नाही तर तिथेच झोप. अशाच एका रात्री महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे नाव मी प्रथम ऐकले. व्याख्यानातले आता काही आठवत नाही. आठवतो तो परतताना आजोबांना पडलेला प्रश्न. वारकऱ्याच्या घरचा मुलगा ख्रिस्ती लोकांच्या धर्मविद्यालयात शिकायला गेला आणि तरी बाटला नाही, हे त्यांना पटत नव्हते. बाटवायचे नव्हते, तर त्या लोकांनी त्याच्यावर पैसा का खर्च केला?

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळाले, तोवर आजोबा राहिले नव्हते.

शिंद्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ चा, जमखिंडी संस्थानातला. पुण्याहून जमखिंडीला जायचे तर आगगाडी मिरजेकडे जाते ती आमच्याच स्टेशनावरून. फर्ग्युसनमध्ये शिकणारा हा गरीब विद्यार्थी सुटीत घरी जाताना रहिमतपूरच्या फलाटाकडे पाहत गेला असणार, असे मला उगीचच वाटत राहते. १८९८ साली ते बी.ए. झाले. पुढे कायद्याचा अभ्यास होता, वकिली समोर दिसत होती. पण प्रार्थना समाजाने त्यांना ओढले आणि वकिली राहिली ती राहिलीच.

इंग्लंडातल्या युनिटेरियन पंथाने भारतातल्या उदार धर्मसमाजांच्या विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्ती ठेवली होती. हे लोक ख्रिस्ती, पण देव एकच असे मानणारे. त्रैमूर्तीची कल्पना त्यांना मान्य नव्हती. म्हणून मुख्य चर्चने त्यांना कायम दूरच ठेवले. त्यांचे मँचेस्टर कॉलेज १७८६ साली मँचेस्टरात निघाले आणि १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आले. अमुक एक मत मान्य कर, मगच शिकवू, अशी अट तिथे नव्हती. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. बाटवणे हा त्या संस्थेचा हेतूच नव्हता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी प्रवासाला मदत केली आणि पत्नी रुक्मिणीबाई व आईवडील यांना मागे ठेवून शिंदे सप्टेंबर १९०१ मध्ये बोटीत चढले.

तिथे जेम्स ड्रमंड प्राचार्य होते. एस्टलिन कार्पेंटर धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवीत; पाली ग्रंथांचे ते जाणकार. आपल्या मातीतला बुद्ध शिंद्यांना तिकडे, एका इंग्रज गुरूच्या वर्गात नव्याने भेटला, ही गंमत म्हणावी की आपली नामुष्की? तत्त्वज्ञान शिकवायला चार्ल्स अप्टन होते. पुस्तकांपलीकडेही शिंद्यांनी खूप पाहिले. शहरांतल्या दरिद्री वस्त्यांत युनिटेरियन मंडळी जाऊन काय काम करतात, हे त्यांनी बारकाईने न्याहाळले. १९०३ साली ॲमस्टरडॅमच्या उदार धर्मपरिषदेत त्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि ऑक्टोबरात ते मायदेशी परतले.

आता या कॉलेजच्या व्याख्यानांविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे त्याचे नाव झाले ते व्याख्यानांमुळेच. कोणी ठेव ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून विद्वानाला बोलावून सर्वांसाठी व्याख्याने करवायची, ही तिकडची जुनी चाल. अप्टन यांच्या नावाची व्याख्यानमाला १९२६ साली याच कॉलेजात डॉ. राधाकृष्णन यांनी गुंफली. हिंदू जीवनदृष्टीवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक त्यातूनच १९२७ मध्ये निघाले. हिबर्ट व्याख्याने त्याहून जुनी. पहिली १८७८ साली मॅक्समुल्लरने दिली, तीही भारतीय धर्मांचा आधार घेऊन. रॉबर्ट हिबर्ट हा व्यापारी; जमैकात गुलामांच्या श्रमावर चालणारे त्याचे मळे होते. त्या पैशातून धर्मचिंतनाचा निधी उभा राहावा, हे वाचले तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

शिंद्यांनी ऑक्सफर्डहून आणले ते मात्र व्यासपीठावर ठेवण्यासाठी नव्हते. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा उघडली. घरचे सगळेच कामाला लागले, बहीण जनाक्का तर सर्वात पुढे. उच्चवर्णीयांनी त्यांना आपले मानले नाही, आणि मराठा असून हा माणूस अस्पृश्यांच्या वस्तीत राहतो, म्हणून स्वजातीयही बिचकत. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे त्यांची खटपट होती. पण ज्यांच्यासाठी ते झिजले, त्यांच्यातल्या नव्या पिढीला पुढारी आपल्यातलाच हवा होता. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, असे मला वाटते. शिंद्यांना ते किती लागले असेल, तेही कळते. १९२३ साली ते मिशनच्या कारभारातून बाहेर पडले.

मे १९३० मध्ये रवींद्रनाथ ठाकूर ऑक्सफर्डला गेले. मानवाचा धर्म या विषयावर हिबर्ट व्याख्याने द्यायला ते उभे राहिले, तेही मँचेस्टर कॉलेजातच. त्याच महिन्यात त्या कॉलेजचा जुना विद्यार्थी, सत्तावन्न वर्षांचा, मिठाच्या सत्याग्रहात पकडला जाऊन येरवड्याच्या तुरुंगात पोचला होता. विद्यार्थिदशेत पुण्यात आणि पुढे ऑक्सफर्डात लिहीत असत, तशीच रोजनिशी शिंद्यांनी तिथल्या कोठडीतही लिहायला घेतली.