बोरूने ओढलेले क्षितिज

रेम्ब्रांट हा पवनचक्कीवाल्याचा मुलगा. हॉलंडमधील लायडन गावी १६०६ साली जन्मला, पंचविशीत ॲम्स्टरडॅमला आला आणि बघता बघता तिथल्या धनिकांचा लाडका चित्रकार झाला. १६३४ साली सास्कियाशी लग्न, १६३९ साली १३,००० गिल्डरचे घर, तेही हप्त्यांवर. चार मुलांपैकी टिटुस तेवढा जगला आणि १६४२ च्या जूनमध्ये सास्कियाही गेली.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत हा गृहस्थ वारंवार वेशीबाहेर फिरताना दिसतो. दुःख आणि भटकंती यांची सांगड घालण्याचा मोह होतो खरा, पण मला ती फार सोपी वाटते. काही भूदृश्ये त्याआधीचीही आहेत. आम्स्टेल नदीचा काठ, पाणी अडवणारा बांध, गवताने शाकारलेली शेतघरे, सपाट कुरणे. डोंगर नावालाही नाही. अशा प्रदेशात चित्र उभे करायचे कशावर?

त्याने ते रेषेच्या वजनावर उभे केले. आपल्या आजोबांच्या दप्तरातला बोरू आठवा. तसाच बोरू तपकिरी शाईत बुडवून जवळचे कुंपण तो ठसठशीत ओढी. दूरचे चर्चचे शिखर मात्र पिसाच्या लेखणीने, जेमतेम टेकवून. मग शाईत पाणी घालून कुंचल्याचा एक हात: झाडाखाली सावली पडली, कालव्यात पाणी आले. आकाशाला बहुधा हातच लावायचा नाही. वीतभर कोऱ्या कागदात मैलभर हवा भरते ती या न काढण्यामुळे.

ही चित्रे त्याने बहुतेक स्वतःजवळच ठेवली. घराचे हप्ते मात्र थकत गेले. १६५६ साली त्याने नादारी पत्करली आणि सरकारी कारकुनाने घरातल्या चीजवस्तूंची ३६३ नोंदींची यादी केली. कर्जखाती चाळण्यात माझी नोकरी गेली, म्हणून असेल, पण त्याच्या कुठल्याही चित्राइतकीच ही यादी मला अस्वस्थ करते. भांडी, तसबिरी, जुनी शस्त्रे, आणि त्यांतच भूदृश्यांच्या चोपड्या. १६५८ साली घर ११,२१८ गिल्डरला गेले.

याच सुमारास तो जहांगीर-शहाजहानच्या दरबारातली मुघल चित्रे समोर ठेवून नकला करत होता. त्यांतल्या वीसहून अधिक आजही आहेत. तिथे बोरूचा जोर नाही, रेषा अगदी हलकी. पन्नाशीचा, कर्जात बुडालेला माणूस परक्या मुलखातली रेषा शिकत बसला होता!

१६६९ च्या ऑक्टोबरात तो वारला. वेस्टरकेर्कमध्ये भाड्याच्या कबरीत त्याला पुरले. त्याच्या एका शिष्याच्या मुलाने पुढे यांतली बरीच भूदृश्ये जमवली आणि १७२३ साली ती इंग्लंडातल्या डेव्हनशायरच्या ड्यूकने विकत घेतली.