मनोरुग्णांचे कैवारी डॉ. फिलिप पिनेल

अंगांत ताप असला तर तो हातास लागतो, पायाचें हाड मोडलें तर तें डोळ्यांस दिसतें. परंतु स्वभावांतच कांहीं मोडलेलें असलें तर तें कोणास दिसावें? पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या कारखान्यांच्या मुलखांत राहणाऱ्या आमच्या पालकवर्गास हा प्रश्न अगदींच अपरिचित नसावा. कामांत हुशार, हिशेबांत चोख, बोलण्यांत शहाणा. परंतु क्षुल्लक कारणावरून भडकणारा, एकहि नोकरी वर्षभर न टिकविणारा, आज ज्याच्या गळ्यांत पडला त्याचेंच उद्यां तोंड न पाहणारा, असा एखादा मनुष्य आपल्या ओळखींत असतो. शेजारी त्यास दुष्ट म्हणतात. घरच्यांस वाटतें कीं त्याला बाहेरची बाधा झाली. वेडा म्हणावें तर बुद्धि शाबूत, शहाणा म्हणावें तर वर्तन तसें नाहीं ! अशा माणसांकडे वैद्याच्या दृष्टीनें ज्यांनीं अगदीं आरंभीं पाहिलें, त्या डॉ. फिलिप पिनेल यांचें चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

पिनेल यांचा जन्म ता. २० एप्रिल १७४५ रोजीं फ्रान्सच्या दक्षिण भागांत एका लहान गांवीं झाला. वडील शस्त्रवैद्य होते. परंतु त्या काळीं गांवच्या शस्त्रवैद्यास आजच्यासारखी प्रतिष्ठा नव्हती. मुलानें धर्मोपदेशक व्हावें या हेतूनें त्यांचें शिक्षण झालें व तुलूज येथें त्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यासहि केला. पुढें इ. स. १७७० मध्यें तो मार्ग सोडून ते वैद्यकाकडे वळले व १७७३ सालीं त्यांनीं पदवी संपादन केली. मॉंपेलिये येथील प्रसिद्ध विद्यापीठांत अधिक अध्ययन करून १७७८ मध्यें ते पॅरिसला आले. येथें मात्र त्यांची निराशा झाली. तुलूजची पदवी पॅरिसचे वैद्य मानीत नसत; त्यामुळें हातीं विद्या असूनहि रोगी तपासण्याची परवानगी त्यांस मिळेना. गणिताच्या शिकवण्या, वैद्यकीय ग्रंथांचीं भाषांतरें व एका आरोग्यविषयक पत्राचें संपादन यांवर त्यांनीं कशीबशी गुजराण केली. परीक्षेंत एकदां मागें पडलें कीं आयुष्य संपलें असें मानणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, पिनेल यांस त्यांच्या योग्यतेचें काम मिळालें तेव्हां त्यांचें वय ४८ वर्षांचें होतें.

याच हलाखीच्या काळांत त्यांच्या एका तरुण मित्रास मनाचा विकार जडला. उपचार झाले, पण गुण आला नाहीं. अखेर तो घरांतून निसटून रानांत पळाला व पुढें तेथें त्याचें प्रेतच सांपडलें. या घटनेनें पिनेल यांचें अंतःकरण हादरलें. मनाच्या रोगांचा अभ्यास करावयाचा हा निश्चय त्यांनीं तेव्हांपासून केला, आणि एका खासगी शुश्रूषागृहांत ते अशा रोग्यांचें निरीक्षण करूं लागले.

इ. स. १७८९ मध्यें फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. १७९३ च्या जानेवारींत राजाचा शिरच्छेद झाला, त्या वेळीं बंदोबस्तावर असलेल्या नागरिकांत पिनेलहि होते, व त्या दृश्यानें ते अतिशय व्यथित झाले. त्याच वर्षीं बिसेत्र येथील संस्थेवर वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. बिसेत्र म्हणजे अर्धें रुग्णालय व अर्धा तुरुंग. गुन्हेगार, निराधार वृद्ध, असाध्य रोगी असे सुमारें चार हजार लोक तेथें कोंडलेले होते, व त्यांत सुमारें दोनशें मनोरुग्ण होते. त्यांपैकीं कित्येक वर्षानुवर्षें सांखळदंडांत होते. रक्त काढणें, रेच देणें व अंगावर थंड पाण्याचा मारा करणें, हेच त्या काळचे उपचार होत.

या ठिकाणीं पिनेल यांस एक गुरु भेटला. त्यांचें नांव झाँ-बाप्तिस्त प्यूसँ. हे मूळचे चामडें कमावणारे. गंडमाळांच्या रोगानें आजारी होऊन ते बिसेत्र येथें रोगी म्हणून आले, बरे झाले, तेथेंच राहिले व पुढें मनोरुग्णांच्या विभागाचे व्यवस्थापक झाले. त्यांची पत्नीहि या कामांत त्यांच्या जोडीला होती. रोग्यानें हात उगारला तरी सेवकानें त्याला मारतां कामा नये, असा प्यूसँ यांचा कडक नियम होता. आणि जे रोगी बरे होत, त्यांतूनच ते सेवक निवडीत. पिनेल पदवीधर वैद्य, प्यूसँ अल्पशिक्षित. पण पिनेल यांनीं आपला मोठेपणा बाजूस ठेविला. ते रोज रोग्यांमध्यें फिरत, त्यांच्याशीं बोलत, प्यूसँ काय करतात तें पाहत, व सर्व टिपून ठेवीत.

पिनेल स्वतःच्या हातानें रोग्यांच्या बेड्या तोडवीत आहेत अशीं चित्रें पुढें काढलीं गेलीं व ती कथा जगभर पसरली. चित्रें सुंदर आहेत. परंतु बिसेत्रचा इतिहास निराळा आहे. १७९५ सालीं पिनेल यांची बदली साल्पेत्रिएर या स्त्रियांच्या रुग्णालयांत झाली होती. त्यांच्या मागें, १७९७ मध्यें, बिसेत्रचे सांखळदंड काढले ते प्यूसँ यांनीं. पिनेल यांनीं त्यांचें अनुकरण साल्पेत्रिएर येथें सुमारें तीन वर्षांनीं केलें, व १८०२ मध्यें प्यूसँ यांनाहि आपल्याकडे आणविलें. बेड्यांच्या जागीं आंवळून बांधण्याचा जाड कापडी अंगरखा आला, म्हणजे बंधन अजिबात गेलें असें नव्हे. तरी लोखंड गेलें. प्यूसँ यांचें ऋण पिनेल यांनीं आपल्या लिखाणांत मोकळेपणानें मान्य केलें आहे. आमच्या मतें यांत त्यांचा मोठेपणा बेड्या तोडण्यापेक्षां कमी नाहीं.

१८०१ सालीं त्यांचा मनोविकारांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं या विकारांचे पांच वर्ग केले : खिन्नता, भ्रमावांचून उन्माद, भ्रमासहित उन्माद, बुद्धिभ्रंश व जडबुद्धि. यांतील दुसरा वर्ग ही त्यांची विशेष देणगी. त्या काळीं विद्वानांचें मत असें कीं, बुद्धि भ्रमिष्ट झाल्याखेरीज वेड संभवत नाहीं. पिनेल यांनीं मात्र असे रोगी पाहिले कीं ज्यांचा विचार स्वच्छ, स्मरण चांगलें. पण रागाचा झटका आला कीं लगाम सुटे. त्यांपैकीं एकाची हकीकत त्यांनीं दिली आहे. हा एका लाडावणाऱ्या आईचा एकुलता मुलगा. लहानपणापासून मागेल तें मिळे, कोणी आड आलें कीं तो त्याच्यावर तुटून पडे. वयांत आल्यावर त्यानें मोठी मालमत्ता उत्तम रीतीनें सांभाळली, गरिबांस मदतहि केली; परंतु एके दिवशीं एका स्त्रीनें अपशब्द वापरतांच त्यानें तिला विहिरींत ढकलून दिलें. न्यायालयानें त्यास जन्मभर बिसेत्र येथें डांबलें.

हा मनुष्य गुन्हेगार कीं रोगी ? या प्रश्नावर पुढें दोनशें वर्षें विचार झाला. १८३५ मध्यें इंग्लंडांत प्रिचर्ड यांनीं हाच विषय अधिक विस्तारानें मांडला. १९२३ मध्यें जर्मनींत कुर्ट श्नायडर यांनीं अशा स्वभावांचे दहा प्रकार वर्णिले, व ज्यांच्या स्वभावामुळें ते स्वतः दुःख भोगतात किंवा समाजास भोगावयास लावतात त्यांचा त्यांत समावेश केला. आज यास व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. अमेरिकन मनोवैद्यांच्या सूचींत याचे दहा प्रकार तीन गटांत मांडलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलांत आलेल्या वर्गीकरणांत मात्र प्रकारांपेक्षां विकार सौम्य, मध्यम कीं तीव्र याकडे प्रथम पाहतात, व मग स्वभावाचा कोणता कंगोरा बोंचतो तें नोंदवितात. पिनेल यांचा कांहीं दोष आईच्या लाडांवर होता. आजचें शास्त्र तेवढ्यावर थांबत नाहीं. उपजत प्रकृति, बाळपणीं सोसलेले आघात व भोंवतालची परिस्थिति हीं सर्व मिळून हा विकार घडवितात. एकट्या आईस दोष देणें अन्यायाचें आहे.

यावरील मुख्य उपचार म्हणजे शिकलेल्या तज्ज्ञानें दीर्घकाळ, ठराविक वेळीं, धीरानें केलेला संवाद. भावनेचा लोट आला असतां क्षणभर थांबावें कसें, हें त्यांत रोग्यास शिकवितात. औषधें सोबतच्या खिन्नतेवर वा चिंतेवर उपयोगी पडतात. स्वभाव बदलण्याची गोळी नाहीं. तथापि वर्षांच्या प्रयत्नानें पुष्कळ जण सावरतात. येथें पालकांस एक विनंति. वाढत्या वयांतील हट्टी किंवा तापट मुलावर हें नांव घाईनें चिकटवूं नये. तज्ज्ञ देखील अठरा वर्षांच्या आंत तें फार जपून वापरतात.

पिनेल यांस पुढें मानमरातब मिळाले. एस्किरोल यांच्यासारखे शिष्य त्यांनीं घडविले. १८२२ मध्यें सरकारी रोषानें पॅरिसचें वैद्यकीय महाविद्यालय बरखास्त झालें व त्यांचें अध्यापकपद गेलें. ता. २५ ऑक्टोबर १८२६ रोजीं पॅरिस येथें त्यांचा अंत झाला.

आज आपल्या देशांत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनोरुग्णास कोणत्याहि प्रकारें सांखळीनें बांधणें निषिद्ध आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां विनामूल्य सल्लाहि मिळतो. परंतु कायदा हातापायांची सांखळी काढूं शकतो, जिभेची नव्हे. वर्गांत कोणी चमत्कारिक वागलें कीं त्यास येरवड्याला पाठवा असें हंसत म्हणण्याची संवय आमच्या मुलांत आहे, व मोठ्यांतहि आहे. पिनेल यांनीं विहिरीच्या काठावरील त्या मनुष्याचें कृत्य क्षम्य मानलें नाहीं; तरी त्याच्या मनांत काय चाललें आहे हें विचारण्याचें त्यांनीं सोडलें नाहीं. पुढच्या वेळीं तो शब्द ओठांवर आला, तर आमच्या विद्यार्थ्यांनीं तो क्षणभर मागें घ्यावा, आणि शेजारच्या बांकावरील मित्राला बरें आहे ना एवढें विचारावें. या चरित्राच्या वाचनाचें फळ म्हणून आम्हांस तेवढें पुरेसें आहे.