क्ष-किरणांपायी हात गमावलेला दंतवैद्य

सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय असो वा वर्धा शहरातील एखादा खासगी दवाखाना, दाताचा एक्स-रे काढताना ‘आरव्हीजी’चा छोटासा सेन्सर रुग्णाच्या तोंडात ठेवला जातो आणि काही क्षणांत दाताचे मूळ संगणकाच्या पडद्यावर उमटते. बटण दाबण्यापूर्वी डॉक्टर दूर उभे राहतात. या दक्षतेमागे अनेकांचे भोग आहेत. त्यांतील एक नाव न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य सी. एडमंड केल्स यांचे.

केल्स यांचा जन्म १८५६ चा. वडीलही दंतवैद्य. नव्या यंत्रांचे त्यांना विलक्षण वेड. राँटजेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी केल्स यांनी समव्यावसायिकांसमोर त्यांचे प्रात्यक्षिक केले. १८९९ मध्ये दाताच्या मुळात शिशाची तार घालून त्यांनी त्याची लांबी क्ष-किरणांनी पडताळली. ‘रूट कॅनॉल’ करताना आजही डॉक्टर एक्स-रे पाहतात, तो याच कारणासाठी.

त्या काळच्या नळ्या मोठ्या लहरी. किरणांचा जोर अजमावण्यासाठी केल्स स्वतःचा हात नळीसमोर धरीत. पडद्यावर हाडे स्पष्ट दिसली की नळी जुळली, असे समजत. हे वर्षानुवर्षे चालले. किरण लागताना वेदना होत नाही, हाच त्यातला दगा. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१ मध्येच किरणांनी गिनीपिग मरतात हे दाखवून नळीला संरक्षक आवरण घालण्याचा आग्रह धरला होता. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही.

केल्स यांच्या हाताला कर्करोग झाला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. आधी बोटे गेली, मग पंजा, अखेर डावा हातच गेला. तरीही रुग्णांना होणारा लाभ पाहता त्यांनी क्ष-किरणांना दोष दिला नाही. १९२८ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, असह्य यातनांत त्यांनी आपले जीवन संपविले.

डिजिटल सेन्सरला जुन्या फिल्मपेक्षा बरेच कमी किरण पुरतात. एका दाताच्या चित्रातून मिळणारी मात्रा निसर्गातून आपल्याला एका दिवसात मिळणाऱ्या किरणोत्साराच्या आसपास असते. मात्र रुग्ण वर्षातून एखाद-दोनदा येतो, तर डॉक्टर रोज यंत्रापाशी असतात. म्हणूनच सेन्सर रुग्णाच्या तोंडात बोटाने धरून ठेवण्यास डॉक्टर व मदतनीसांना मनाई आहे. त्यासाठी होल्डर वापरायचा असतो.